देवरेमास्तरांची उसनी नाकं

देवरेमास्तरांना वास येत नसे. कसलाच नाही. मोगऱ्याचा नाही, गटाराचा नाही, करपलेल्या दुधाचा नाही. तरुणपणी आलेल्या एका तापात नाक गेलं असं ते म्हणत. आयुष्य रंगाच्या खोलीत ॲसिडच्या वाफा घेत काढलं म्हणून गेलं असं काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणत. डॉक्टरांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि मान हलवली होती.

पलसाण्याच्या हायवेला साड्या छापणारी आमची मिल होती. मास्तर तिथले मुख्य रंगारी. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, पण मिलमध्ये रंग जमवणाऱ्याला मास्टर म्हणतात आणि आम्ही मराठी माणसांनी त्याचा मास्तर केला होता. अमळनेरकडचे. उंच, किंचित पोक आलेले, आणि नखं कायम कुठल्या ना कुठल्या रंगाची. नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मी नांदेडकडची, लग्न होऊन सुरतेत आलेली, आणि मिलच्या तपासणी खोलीत नुकतीच लागले होते. पहिल्याच दिवशी हा गृहस्थ दारात उभा राहिला आणि नाव-गाव न विचारता म्हणाला, "ताई, इथं वास कसला येतो?"

मी घाबरून म्हणाले, "येत नाही हो कसलाच."

"असं कसं होईल? हवा आहे तिथं वास आहे. नीट घ्या आणि सांगा."

मी नाक वर करून हुंगलं. "ओल्या कापडाचा येतोय. आणि... कुणीतरी डब्यात मेथी आणलीय."

मास्तरांचा चेहरा खुलला. "मेथी! लसूण घातलेली का बिनलसणाची?"

हे त्यांचं रोजचंच होतं. कँटीनमध्ये ताट समोर आलं की शेजारच्याला विचारायचं, "वरणाला काय येतंय?" शेजारचा हिंगाचा म्हणाला की समाधानानं जेवायचं. जेवताना दोन हिरव्या मिरच्या लागत, कारण तिखट तेवढं जिभेला कळे. लोक चेष्टा करत. कुणी म्हणे, मास्तर, आज वरणाला गुलाबाचा वास आहे. तेही मास्तर गंभीरपणे ऐकून घेत आणि विचारत, "गावठी गुलाब की कलमी?" सांगणारा खोटं बोलतोय हे त्यांना कळत नसे असं नाही. पण समोरचा खरं बोलतोय असं धरून चालायचं, हा त्यांचा नेम होता.

तो नेम मी एकदा कामातही पाहिला. दिवसपाळीचा माणूस म्हणाला, साडीचा जांभळा बरोबर उतरलाय. रात्रपाळीचा म्हणाला, चुकलाय, लाल मारतोय. दोघं हमरीतुमरीवर आले. मॅनेजर विचारत होता, खोटं कोण बोलतंय? मास्तर म्हणाले, "दोघं खरं बोलतात." त्यांनी तीच साडी आधी खिडकीपाशी धरली, मग आत ट्यूबलाइटखाली धरली. उन्हात जांभळा होता, दिव्याखाली वांग्याला लाली चढावी तसा दिसत होता. "भांडू नका," ते म्हणाले. "तू कुठून पाहिलं आणि तू कुठून पाहिलं, एवढंच विचारायचं असतं."

मास्तरांकडे एक जुनी मोटार होती. लोक तिला पिस्ता रंगाची म्हणत. मास्तरांना ते सहन होत नसे. "पिस्ता नाही ही. समुद्री हिरव्यात पिवळा जरा जास्त पडलाय," असं ते पेट्रोल पंपावरच्या पोऱ्यालासुद्धा समजावत. मिलची बस फक्त पाळीच्या कामगारांसाठी होती. आम्हा जनरल वेळेच्या लोकांचे हाल होत. म्हणून मास्तर गोडादऱ्याहून निघताना आम्हाला घेत. पर्वत पाटियाला हिशेबनीस हसमुखभाई चढत आणि हक्कानं पुढं बसत. मागं मी आणि घडी खात्यातले वानखेडे. वानखेडे वर्ध्याकडचे, डोक्याला भरपूर तेल लावणारे आणि मनाला लागेल ते तोंडावर बोलणारे. आम्ही चौघं चार मुलखांचे, पण कडोदऱ्याचा चौक येईपर्यंत एका घरातल्यासारखं भांडून झालेलं असे.

त्या गाडीला पेट्रोलचा वास यायला लागला. धुराचा नव्हे, नुसत्या कच्च्या पेट्रोलचा, कुणी बाटलीचं बूच काढून ती नाकाखाली धरावी तसा. सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच. पण त्याच सुमाराला मला दिवस गेले.

ज्या बायांना हे माहीत आहे त्यांना सांगायला नको. तिसऱ्या महिन्यात माझं नाक असं झालं होतं की शेजारच्या चाळीत कुणी कांदा चिरला तर मला इकडे मळमळे. त्यात रोज सकाळी हा पेट्रोलचा वास. कडोदऱ्याला गाडी थांबवायची, मी रस्त्याच्या कडेला ओकायचं, वानखेड्यांनी पाण्याची बाटली धरायची, असा क्रमच ठरून गेला. घरी सासूबाई म्हणाल्या, "नोकरी सोड. पोटातल्या जिवापेक्षा ती मोठी नाही." नवरा काही बोलला नाही, पण त्याचं न बोलणं सासूबाईंच्या बाजूचंच होतं. दुसरं वाहन नव्हतं. मला ती नोकरी आवडत होती. घराबाहेर माझं स्वतःचं असं तेवढंच होतं.

मी मास्तरांना गाडीतच सांगितलं की या महिन्याअखेर मी येणं बंद करीन.

मास्तरांनी गाडी बाजूला घेतली. "कशामुळं?"

"वासामुळं."

"वास येतो?" त्यांनी आमच्या तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "रोज? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

खरंच कुणी सांगितलं नव्हतं; आणि गाडी चालवताना तेव्हा ते रस्त्याखेरीज कशाचं विचारत नसत. आम्ही रोज ओकारी, बाटली, रुमाल करत होतो, आणि त्यांना वाटत होतं की पोटुशी बाई आहे, तिला गाडी लागते. ते खाली उतरले. हसमुखभाईंच्या तोंडातली पेटती विडी त्यांनी काढून घेतली, रस्त्यावर टाकली आणि चपलेनं नीट विझवली. "आजपासून या गाडीत काडी ओढायची नाही," ते म्हणाले. मास्तरांना आवाज चढवताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

त्याच संध्याकाळी गाडी इक्बालभाईंकडं गेली. पर्वत पाटियाजवळ त्यांचं गॅरेज. माणूस कामाचा, पण घाईचा. "पुरानी गाडी है मास्तर, बास तो आयेगी," म्हणत त्यांनी एक नळी बदलली, एक पट्टी आवळली. दोन दिवसांनी वास होता तिथंच. मग पेट्रोलचा पंप बदलला. वास तसाच. इक्बालभाईंनी विचारलं, "बास आती कहाँ से है?"

इथं आमच्या गाडीत फूट पडली. हसमुखभाई म्हणाले, "आगळथी ज आवे छे. पुढून, इंजिनातून." वानखेडे उसळले, "काऊन जी? मले तं मागूनच येते! डिकीतून येते." हसमुखभाई म्हणाले, "वानखेडे, तारुं नाक ज खराब छे." वानखेडे म्हणाले, की आयुष्यभर विडी ओढणाऱ्यानं दुसऱ्याच्या नाकाबद्दल बोलू नये. पलसाण्यापर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मला विचाराल तर मला दोन्हीकडून येत होता, पण तेव्हा मी तोंडावर पदर धरून बसले होते.

मास्तर मात्र खुशीत आले. खुशीत आले की ते अहिराणीत जात. "वास कथाईन येस ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "कव्हय येस ते सांगा!" कुठून येतो ते राहू द्या, कधी येतो ते सांगा. आणि लगेच नेहमीचं: "दोघंही खरं बोलतात."

मग आठवडाभर आमच्या नाकांची उलटतपासणी चालली. गाडी चालवता चालवता मास्तर विचारत, "आत्ता?" "नाही." "आत्ता?" "थोडा." "चढावर का उतारावर? वळताना का सरळ? सुरू करताना का बंद केल्यावर?" वानखेडे वैतागून म्हणाले, "मास्तर, मले सोमवारी जास्त येते एवढं ठाऊक आहे. सोमवारी माहा उपास असते. रिकाम्या पोटी वास लागते."

मास्तरांनी आरशातून त्यांच्याकडं पाहिलं. "सोमवारी?"

"हो. मंगळवारीबी थोडा. मंग कमी होते."

"अहो वानखेडे," मास्तर म्हणाले, "सोमवारी तुमचं पोट रिकामं असतं, पण गाडीचं भरलेलं असतं. मी सोमवारी सकाळी टाकी काठोकाठ भरतो."

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला मुद्दाम बोलावलं. टाकी गळ्याशी येईपर्यंत भरली आणि पर्वत पाटियाच्या चौकात गाडी गोल गोल फिरवायला सुरुवात केली. मी मागं डाव्या बाजूला, वानखेडे उजव्या बाजूला, दोघांची नाकं वर. हसमुखभाई पुढं कंटाळून बसलेले. आम्हाला घिरट्या घालताना पाहून चौकातल्या पोलिसाला संशय आला. त्यानं शिट्टी मारून थांबवलं. "शुं चाले छे आ?"

मास्तरांनी काच खाली केली आणि आदबीनं विचारलं, "साहेब, तुमचं नाक कसं आहे?"

पुढची दहा मिनिटं तो पोलीस आमच्या डिकीत डोकं घालून हुंगत होता. मीही उतरले. इतके दिवस ज्या वासापासून तोंड फिरवत होते, त्याच्याकडं पहिल्यांदाच मी आपणहून गेले. डिकीच्या कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या अस्तरामागं तो एवढा तिखट होता की डोळ्यांतून पाणी आलं. "मास्तर, इथं!" मी ओरडले. अस्तर काढलं. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीकडं जाणारा रबरी पाइप वाळून तडकला होता. टाकी भरलेली असली आणि गाडी वळली की तिथून थेंब थेंब पाझरे. टाकी थोडी रिकामी झाली की बंद. वानखेडे पोलिसाकडं, पोलीस वानखेड्यांकडं पाहत राहिले आणि दोघांनी हात मिळवला.

पाइप बदलला. मागचा वास गेला. हसमुखभाईंचा पुढचा मात्र राहिला.

हसमुखभाईंना आता वानखेड्यांचं सुख बघवेना. "माझं पण बघा ना मास्तर," ते लहान मुलासारखं म्हणाले. त्यांचा वास चालत्या गाडीत येत नव्हता. मिलच्या फाटकात गाडी बंद करून पाच मिनिटं गप्पा मारल्या की यायचा, किंवा कडोदऱ्याला रेल्वेच्या फाटकाशी थांबलं की. "चालताना नाही, थांबल्यावर," मास्तर पुटपुटले. "म्हणजे गाडी जे पिऊन टाकते ते थांबल्यावर सांडतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिलमधून न छापलेल्या पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या आणल्या. इक्बालभाईंच्या गॅरेजात बॉनेट उघडलं. गाडी फिरवून गरम केली, बंद केली, बॅटरीची तार काढून ठेवली आणि हसमुखभाईंना विडीसकट रस्त्याच्या पलीकडं उभं केलं. पेट्रोल जिथून जिथून जातं त्या प्रत्येक सांध्याखाली एक एक पट्टी बांधली. मग स्टूल घेऊन मास्तर समोर बसले, कापडाचा रंग उतरायची वाट पाहावी तसे. नाक नव्हतं, पण डोळे होते. त्या वेळच्या पेट्रोलला फिकट नारिंगी रंग असे. पंपाखालची पट्टी पांढरी. नळीखालची पांढरी. कार्ब्युरेटरखालच्या पट्टीवर हळूहळू एक नारिंगी डाग उमटला आणि पसरला.

"उघडा," मास्तर म्हणाले.

इक्बालभाईंनी कार्ब्युरेटर खोलला. त्यातल्या वाटीत पितळेचा एक पोकळ तरंगता असतो. वाटी भरली की तो वर येतो आणि पेट्रोलची वाट बंद करतो. इक्बालभाईंनी तो काढून कानाशी धरला आणि हलवला. आत डुचमळल्याचा आवाज आला. तरंगत्याला बारीक भोक पडून त्याच्या पोटात पेट्रोल शिरलं होतं. जड झाला होता, वर येत नव्हता, म्हणून वाटी ओसंडत होती. इक्बालभाई आनंदानं ओरडले, "मास्तर! ये तो पेट से है!"

आणि मग त्यांना मी दिसले. चौथा महिना, पदर सावरून उभी. इक्बालभाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "माफ करना बहन, मैं तो... इसको बोला..." रस्त्यापलीकडून हसमुखभाई विचारत होते, "शुं थयुं? शुं थयुं?" वानखेडे बॉनेटवर हात टेकून हसत होते, आणि मी इतकी हसले की मला स्टूलवर बसावं लागलं. मास्तरांनी तो तरंगता तळहातावर घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "ह्याला सुट्टी द्यायची. तुम्ही कामावर या."

नवा तरंगता बसला. सोमवारी मी कडोदरा पार केला तेव्हा कुणी बाटली पुढं केली नाही. सासूबाईंनी संध्याकाळी विचारलं, आज कसं होतं? मी म्हणाले, भूक लागली. तो विषय तिथं संपला. सातव्या महिन्यापर्यंत मी त्या गाडीतून गेले.

वास गेला तरी मास्तरांचं विचारणं गेलं नाही. उलट आता त्यांना माझं नाक कामाचं वाटायला लागलं होतं. "आत्ता काय येतंय, ताई?" मी सांगायची. उसाच्या पाचटाचा येतोय. आता मिलच्या सांडपाण्याचा. आता कुणीतरी शेतात पाणी सोडलंय. आता वानखेड्यांच्या तेलाचा. मास्तर समोर बघत गाडी चालवत आणि प्रत्येक वासाला मान हलवत.

मुलगी झाली. बारशाला मास्तर आणि काकू आले. काकूंनी कुंची आणि वाळा आणला होता. बायकांची गर्दी ओसरल्यावर मास्तर पाळण्यापाशी आले आणि बाळाला उचलू का म्हणून विचारलं. रंगीत नखांच्या मोठ्या हातांत त्यांनी तिला अलगद घेतलं. मग तिची टाळू माझ्या नाकापाशी आणून हळूच म्हणाले, "सांगा."

मी म्हणाले, "दुधाचा येतो, मास्तर."

"नुसता दुधाचा नाही चालायचा. कोमट दुधाचा की सायीचा?"

मी पुन्हा हुंगलं. "सायीचा. आणि वेखंडाचा. आणि त्याच्याखाली... उन्हात वाळलेल्या सुती कापडाचा."

"हां," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "माझ्या पोरींच्या वेळी नाक होतं, पण घ्यायचं सुचलं नाही. दिवसभर मिलमध्ये. मग नाक गेलं, आणि पोरी मोठ्या झाल्या." काकू मागून म्हणाल्या, "पुरे आता, पोरीला द्या इकडे, तुमच्या मिशा टोचतील." सगळे हसले. मास्तरही हसले आणि बाळ माझ्याकडं दिलं.

पुढं काही वर्षांनी ते निवृत्त झाले आणि गावी गेले. गाडीही नेली. हसमुखभाईंनी स्कूटर घेतली, वानखेडे दुसऱ्या मिलमध्ये लागले, मीही तपासणी खोलीची प्रमुख झाले. दिवाळीला मास्तरांचं पत्र येई. डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय, एवढं एकदा त्यात होतं. रंगाऱ्याला असं लिहिताना कसं वाटलं असेल, हे मला विचारवलं नाही.

एकदा नणंदेच्या लग्नाला आम्ही अमळनेरकडं गेलो होतो. वाट थोडी वाकडी करून मास्तरांच्या गावात गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, दोघं शिकायला गेलीत. कोण काय शिकतंय, ते तिनं हसत हसत हातानं नुसतं दाखवलं, मळ्याकडच्या रस्त्याला.

आम्ही त्या रस्त्यानं चालत गेलो. दोन्हीकडं कपाशी. समोरून धुळीचा लोट येत होता आणि त्यात ती समुद्री हिरवी गाडी. स्टिअरिंगला काकू बसल्या होत्या. पदर खोचलेला, दोन्ही हातांनी ते घट्ट धरलेलं, जीभ ओठांत. सुरतेत त्या कधी पुढच्या सीटवर बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. शेजारी मास्तर, डोळ्यांना जाड काळा चष्मा.

"काय शे पुढे?" मास्तर विचारत होते.

"म्हैस शे."

"सरकी ऱ्हायनी का?"

"नही सरकत."

"मंग ब्रेक दाब!"

"दाबेल शे! आते गप बठा!"

गाडी आचका खाऊन म्हशीपाशी थांबली. काकूंनी आम्हाला पाहिलं आणि किंचाळल्या. मी हाक मारली तसे मास्तर खाली उतरले आणि माझ्या आवाजाच्या रोखानं हात पुढं करत आले. झाडाखाली उभ्या उभ्याच सगळी चौकशी झाली. मुलगी कितवीत, वानखेडे कुठं, हसमुखभाईंनी विडी सोडली का. डॉक्टर पुढच्या महिन्यात एक डोळा करणार होते. "तोवर ही चालवते," ते अभिमानानं म्हणाले. "हिला कुणी सांगावं लागत नाही. आपलं आपण बघते."

काकू म्हणाल्या, आधी घरी चला, चहा घेऊ. पण गाडीत मागं कपाशीच्या गोण्या होत्या, आम्हाला जागा नव्हती. तुम्ही या चालत, आम्ही पुढं होतो, असं ठरलं. मास्तर आत बसले, दार दोनदा ओढून लावलं. काकूंनी गिअर टाकला, गाडी जागच्या जागी दोनदा उडाली आणि निघाली. गावाच्या वळणाशी त्यांनी मोठ्या शिस्तीनं डाव्या बाजूचा दिवा लावला, आणि गाडी उजवीकडं वळून दिसेनाशी झाली.